लगीन मोडलंस तू, मुगदे

आते,

बाळकुम नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. मधोमध तू, आणि तुझ्याभोवती मोजून पंधरा तोंडं. सगळ्यात मोठं तोंड आपल्या पुढारी दादांचं. हात जोडलेत आणि डोळ्यांवर गॉगल आहे. मेलेल्या बाईला नमस्कार करताना गॉगल कोण घालतं गं? वर लाल अक्षरांत लिहिलंय, 'आगरी लोककलेचा निखारा विझला'. निखारा म्हणे! ह्याच माणसाच्या पुतणीच्या हळदीत तुला पाच मिनिटांत स्टेजवरून उतरवलेलं, कारण व्हिडिओवाल्याला हवा तेवढा शॉट मिळालेला.

आणि फोटो कुठला लावलाय माहितीये? आपला, योगा रूममधल्या रेकॉर्डिंगचा, ड्रमवाल्या जितूने काढलेला. तुझ्या गळ्यात माझा हेडफोन होता, तो पुसून त्यांनी तिथे मोत्यांची माळ काढलीये. शेजारी मी बसलेले, मला कापलंय. फक्त माझं एक कोपर राहिलंय तुझ्या खांद्यापाशी, ते कुणाचं म्हणून कोणी विचारत नाही. तुझं तोंड उघडं आहे, त्यामुळे तू गातेयस असं वाटतं. प्रत्यक्षात तू तेव्हा जितूला विचारत होतीस, "मेल्या, ढोल वाजवतंस का दार ठोकतंस?"

मी त्या फ्लेक्सखाली उभी राहून एवढ्या मोठ्याने शिवी घातली की रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, काय झालं?" काय सांगू त्याला?

लोक म्हणतात माणूस गेल्यावर रडू येतं. मला येत नाहीये. मला राग येतोय. दादांचा येतोय, त्या माळवाल्याचा येतोय, माझा स्वतःचा येतोय, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त तुझा येतोय. सात महिने आपण धड बोललो नाही आणि तू सरळ मेलीस. ही काय पद्धत झाली? अल्बमचं शेवटचं गाणं अर्धं ठेवून गेलीस. सहा गाण्यांपैकी पाच तयार आहेत आणि सहावं मध्येच लटकलंय. एवढं पुरं करून जा म्हणून किती विनवण्या केल्या तुला.

त्यात तू गेल्याच्या चौथ्या दिवशी दादांच्या ऑफिसातून फोन. "ताई, आजींचं लास्ट साँग तुमच्याकडे आहे ना? रविवारी हॉलमध्ये शोकसभा आहे, तिथे लावू. तीन-चार मिनिटांचं, पूर्ण असेल असं द्या." पूर्ण असेल असं! मी त्याला काय दिलं ते नंतर सांगते. आधी आपलं भांडण पूर्ण करू, कारण ते मला अर्धं सोडता येत नाही.

आपली ओळखच भांडणाने झाली. मी पोटासाठी साऊंड करते, हळदी, वाढदिवस, ऑर्केस्ट्रा, जे मिळेल ते. बाळकुमच्या एका हळदीत दुपारी चारला डीजे चालू होता, मी मिक्सरवर बसलेले. तू आलीस, माझ्यापाशी उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बंद कर." मी म्हटलं, "आजी, पाच मिनिटं थांबा ना." तू खाली वाकलीस आणि मेन वायरच उपटलीस. मी किंचाळले, "अहो, स्पीकर उडाला असता ना माझा!" तू शांतपणे म्हणालीस, "तुझ्या पीकरचं सांगतंस, माझा आवाज बंद केलास त्याचं काय?"

मग तिथेच, माइकबिइक काही न घेता, चार बायका मागे घेऊन तू ढवळा सुरू केलास. माझ्या अंगावर काटा वगैरे आला नाही. माझं डोकं फिरलं, कारण असला आवाज समोर होता आणि माझा एकही माइक तिकडे लावलेला नव्हता.

तोपर्यंत मला ढवळा म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. आम्ही मूळचे कोकणातले, वाढले मी डोंबिवलीत, आमच्या लग्नांत भटजी आणि मंगलाष्टकं. तू मला सांगितलंस की आगऱ्यांत लग्नाच्या प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, हळद दळण्यापासून पोरीच्या पाठवणीपर्यंत, आणि ते म्हणणारी ती ढवळारीण. भट नव्हता तेव्हा लगीन तीच लावायची. "मी किती लगनं लावली, मना म्हाईत नाय," म्हणालीस, "पन एक पन मोरला नाय." म्हणजे एकही मोडलं नाही. आणि मी अहो-जाहो करतेय म्हणून चिडलीस. "तुमी तुमी कनाला करतंस? मी एकलीच हाय हितं." कनाला म्हणजे कशाला. तेव्हापासून तू माझी आते झालीस. मुग्धा हे नाव मात्र तुला शेवटपर्यंत जमलं नाही. मी मुगदी ती मुगदीच.

जितू तुझा सख्खा भाचा निघाला, तेव्हा मी त्याला दोन थपडाच देणार होते. चार वर्षं हा माणूस माझ्याबरोबर ड्रम वाजवतोय, आमचा दोघांचाच बँड, आणि घरात असली आत्या आहे हे सांगायचं सुचलं नाही त्याला. आमच्या बँडचं नाव ऐकून तू पहिल्यांदा हसलीस. 'आज पाणी येणार नाही'. मी राहते दिव्याला, स्टेशनाजवळ, आमच्या बिल्डिंगच्या फळ्यावर बाराही महिने हेच लिहिलेलं असतं. तू म्हणालीस, "आमच्या टावरात पन हाच लिवायला पायजे, पन हितं फला नाय, वाट्सप हाय."

आम्ही तेव्हा एका टॉवरच्या लग्नाची गाणी करत होतो. चि. टॉवरराव. पत्रिकाही छापून ठेवलेली, 'आमचे येथे श्री एफएसआय कृपेकरून', आणि खाली बारीक अक्षरांत, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! - चि. पोडियम पार्किंग'. आम्हाला वाटत होतं आम्ही फार भारी विनोदी आहोत. तुझ्या घरी, सातव्या मजल्यावर, तुला तीन गाणी ऐकवली. तू सगळं ऐकलंस, सुपारी कातरत, आणि विचारलंस, "नवरा एकलाच नाचतंय. नवरी कुटं हाय?"

जितू माझ्याकडे बघायला लागला, मी जितूकडे. नवरी आम्ही ठरवलीच नव्हती. वर्षभर लग्नाचा अल्बम करतोय आणि नवरी नाही! असले शहाणे आम्ही.

तू खिडकीकडे बोट केलंस. खाली भराव टाकायचं काम चालू होतं, डंपर येत होते, त्यापलीकडे उरलेली तिवरं आणि खाडीचं पाणी. तुझ्या बापाचं मिठागर तिथे होतं, आणि आपण बसलेलो तो टॉवर तुमच्याच भातशेतावर उभा होता. खाडीला तू 'खारी' म्हणायचीस. "ती बग नवरी. खारीबाय. तिच्या घरी कोनी इचारला पन नाय, सरल अक्षता टाकाया लागले." बस. आमचा अल्बम त्या मिनिटाला अल्बम झाला. हे मी कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नाही, सगळीकडे 'आम्हाला सुचलं' असंच सांगत फिरले. आता सांगते. आम्हाला काहीही सुचलं नव्हतं.

पण तुझ्या अटी! बाई गं. ढवळा लग्नाशिवाय म्हणायचा नाही, हा तुझ्या आईचा नियम. म्हणजे रेकॉर्डिंग हे लग्नच झालं पाहिजे आणि नवरी समोर पाहिजे. जितू चिखल तुडवत गेला आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत खाडीचं पाणी भरून घेऊन आला. तू बाटलीला हळद लावलीस, मानेत हिरवी बांगडी अडकवलीस आणि तिला पाटावर बसवलंस, माझ्या महागड्या माइकच्या बरोब्बर समोर. दुसरी अट, एकदा सुरू केलेला ढवळा मध्येच थांबवायचा नाही. आणि तिसरी, परत म्हणायचा नाही. मी म्हटलं, "आते, रेकॉर्डिंगमध्ये चारदा-पाचदा घ्यावं लागतं गं. चुकतं, परत करतो." तू म्हणालीस, "लगीन दोनदा लावतान का कोनाचा?" मी म्हटलं, "हल्ली लावतात." तू हसली नाहीस.

टॉवरच्या क्लबहाउसमध्ये एक योगा रूम होती, तिथे योगा सोडून सगळं व्हायचं. सेक्रेटरीला तू सांगितलंस, "भजन हाय." भजन! जितूने रंगाचे रिकामे डबे मांडलेले, माझं गिटार एका फुटक्या भोंग्यातून वाजत होतं, पत्रा घासल्यासारखं. मी क्लिक लावला, म्हणजे हेडफोनमध्ये टिकटिक, सगळ्यांनी एका लयीत राहावं म्हणून. तू दोन मिनिटं ऐकलंस आणि हेडफोन गळ्यात उतरवलास. "ही टिकटिक बंद कर. घरी घर्‍याल हाय माझ्या." तुझी ओळ श्वास संपेल तिथे संपायची. कधी पाच मात्रा, कधी नऊ, जितू रडकुंडीला यायचा. आम्ही दोघं आयुष्यभर अवघड ताल करायला धडपडलो आणि तू सुपारी चघळत ते सहज करत होतीस, वर आम्हालाच म्हणत होतीस की तुम्हाला वाजवता येत नाही.

आणि थट्टा करण्यात तू आमची बाप निघालीस. आम्ही भीत भीत लिहायचो. तू एका दमात,

"नवरा वीस माल्याचा, गो बाय, नवरा वीस माल्याचा
तहान लागली नवऱ्याला, गो बाय, टँकर येईल कल्यानचा"

आणि मानपानाच्या गाण्यात थेट दादाच आणलेस, व्याही म्हणून.

"व्याही आयला गॉगल घालून, गो बाय, त्याला उन्हाचा तरास
हात जोरून उबा रायला, गो बाय, मंडपामंदी खास"

आता कळलं ना मी फ्लेक्सखाली शिवी का घातली? तूच सांगून ठेवलेलंस तो कसा उभा राहणार ते. मी म्हटलेलं, "आते, तो आपल्याला जगू द्यायचा नाही." तू म्हणालीस, "त्याचा बारसा मीच केलाय. त्याला सांग मग." स्वतःलाही सोडलं नाहीस तू. टॉवरात राहणारी वरमाय पण मीच आणि खारीची आय पण मीच, असं गाऊन टाकलंस. त्यानंतर जितू डबे आवरायलाच लागला, कारण शेत द्यायच्या कागदावर त्याच्या बापाची सही पहिली होती.

मग तो बुधवार. शेवटचं गाणं, पाठवणी. सगळं जुळून आलेलं. जितूने डबे सोडून नुसत्या हातांनी जमिनीवर ठेका धरलेला, माझी एकच तार वाजत होती. खारीबाय सासरी निघाली होती. तिवरांनी तिचा पदर धरला, खेकड्यांनी वाट अडवली, आणि तू अशी गात होतीस की मी श्वास घ्यायचीही थांबलेले. तू उंबऱ्यापाशी आलीस.

"येक पाय उंबऱ्याच्या भायेर, गो बाय, दुसरा पाय..."

आणि खाली पाण्याचा टँकर रिव्हर्स यायला लागला. तो रिव्हर्सचा हॉर्न, टुंई टुंई करत वाजणारा, सरळ माझ्या माइकमध्ये. मी हेडफोनमध्ये तो ऐकला आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "कट!"

सवय गं. पंधरा वर्षांची सवय.

तू थांबलीस. मी येडी, म्हणते काय, "आते, टँकर जाऊ दे, मग पहिल्यापासून घेऊ." तू उठलीस. सुपारीची पिशवी उचललीस, पाटावरची बाटली उचललीस, आणि दारात जाऊन म्हणालीस, "लगीन मोरलंस तू, मुगदे." आयुष्यात एकही लग्न न मोडलेल्या बाईचं लग्न मी मोडलं. हॉर्नसाठी. टँकर गेल्यावर जितू डोक्याला हात लावून म्हणाला, "अगं, तो हॉर्न म्हणजे नवऱ्याकडचा बँड होता. याहून बेस्ट काय मिळणार होतं तुला?" बरोबर होतं त्याचं. वाकडीतिकडी, खऱ्या आवाजांची गाणी करतो म्हणून मिरवणारी मी, खरा आवाज आत आला तर त्याला हाकललं.

त्यानंतरचे सात महिने मला आठवायचेही नाहीत, पण तू ऐकून घे. मी नऊ-दहा वेळा आले तुझ्याकडे. सॉरी कितीदा म्हणाले, आणि कितीदा म्हणायचं विसरून नुसतं भांडले, ते मलाच माहीत नाही. "एका ओळीसाठी कसले नखरे तुझे!" असं म्हणाले. "तुझ्यामुळे आमची दोन वर्षं पाण्यात," असं म्हणाले. आणि शेवटी ते म्हणाले, जे म्हणायला नको होतं. "लग्न खोटं आहे, आते! ती नवरी नाहीये, पाण्याची बाटली आहे ती!"

तू विचारलंस, "मंग खोट्या लगनाचा गाना तुला कनाला हवाय?"

मी दार आपटून निघाले आणि लिफ्टमध्ये माझ्या लक्षात आलं की चपला तुझ्या दारातच राहिल्यात. परत वर यायची लाज वाटली. अनवाणी दिव्याला गेले त्या दिवशी, हे तुला माहीत नाही.

आणि मग मी केलं ते. कॉम्प्युटरला तुझी पाचही गाणी खायला घातली आणि उरलेल्या ओळी तुझ्या आवाजात म्हणवून घेतल्या. दुसरा पाय उंबऱ्याबाहेर काढला, पोरीला गाडीत बसवलं, गाणं पुरं केलं. हुबेहूब तू. जितू म्हणाला, "मुग्धा, नको." मी ऐकते थोडीच. आणून तुझ्याच कानांवर हेडफोन ठेवला. मला वाटलं, ऐकून तू निदान चिडशील तरी आणि म्हणशील, आण तो माइक, मी म्हणून दाखवते.

तू शेवटपर्यंत ऐकलंस. हेडफोन काढून माझ्या हातात दिलास. "ही बाय कोन हाय? आवाज बरा हाय हिचा. हिलाच घे."

एवढंच. त्यानंतर मी आले नाही. तू आजारी आहेस हे जितूने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढचा आठवडा! डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

तू गेल्याच्या सहाव्या दिवशी मी तुझ्या घरी गेले, सविता वहिनीला भेटायला. खोटं कशाला बोलू, भेटायला नव्हते गेले. भांडायला गेले. तू नव्हतीस तर तुझ्या सुनेशी. दादांच्या माणसाला गाणं हवं होतं, माझ्याकडे अर्धं खरं होतं आणि एक पूर्ण खोटं, आणि मला कोणावर तरी ओरडायचं होतं. वहिनीने पाणी दिलं. मी सुरू केलं, "सात महिने तिने मला..." आणि माझं लक्ष किचनच्या खिडकीकडे गेलं.

बाटली तिथे होती. मानेत हिरवी बांगडी. गाळ तळाशी बसलेला, वरचं पाणी नितळ. बाटलीपुढे ताजं कुंकू.

मी म्हटलं, "ही अजून इथे?"

वहिनी म्हणाली, "मंग कुटं जाईल? पाठवणी कुटं झाली तिची?"

मला काही कळेना. वहिनीने माझ्याकडे असं बघितलं, जसं तू बघायचीस, ही पोर शिकलेली आहे का खरंच. मग सांगितलं. त्या बुधवारी तू घरी आलीस ती फणफणत. दोन दिवस जेवली नाहीस. लगीन मोडणं म्हणजे अवदसा, आपल्या हातून असं कधी झालं नाही, हेच चालू होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना खिडकीतून खाली बघत होतीस आणि एकाएकी हसायला लागलीस. वहिनी घाबरली. तू म्हणालीस, "सविते, येकच पाय भायेर गेलाय. दुसरा आतच हाय. ढवला पुरा झाला नाय, तं पोर सासरची नाय झाली. खारी अजून आपलीच हाय गो!" आणि त्या दिवसापासून रोज सकाळी बाटलीला कुंकू लावायचीस. मी येऊन विनवण्या करायचे, पाय धरायचे, दार आपटून जायचे, आणि माझ्यामागे तू वहिनीला म्हणायचीस, "परत आयली नवऱ्याकरची."

नवऱ्याकडची! मी!

मी वहिनीला विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?" वहिनी म्हणाली, "मी बोललेली आयला, सांग बिचारीला. तं आय बोलली, नको, तिला सांगितला तं ती त्याचा पन गाना करील."

केलं असतं, आते. दुसऱ्या दिवशी केलं असतं, तू ओळखून होतीस मला. पण म्हणून सात महिने? सात महिने मी स्वतःला शिव्या घालत होते, दिव्याच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत तुझी अर्धी ओळ परत परत ऐकत होते, आणि तू इकडे चहा पीत हसत होतीस? एकदा, एकदाच सांगितलं असतंस, तर मी आले असते, तुझ्याबरोबर त्या खिडकीत बसले असते, हसले असते गं तुझ्याबरोबर. ते मला मिळायला हवं होतं. ते तू एकटीपाशीच ठेवून घेतलंस, आणि हे मी तुला माफ करणार नाही, तू मेलीस तरी नाही.

वहिनीकडे मी खूप रडले, हे खरं. वर लिहिलंय रडू येत नाही म्हणून, ते खोटं आहे. निघताना वहिनीने माझ्या चपला दिल्या. तू कपाटाखाली ठेवून दिलेल्यास, पेपरात गुंडाळून.

काल रविवार होता. हॉल भरलेला. दादांनी गॉगल काढला, भाषणात तुला 'माझी माय' म्हणाले, खाडीची संस्कृती जपली पाहिजे म्हणाले, टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या! मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी साऊंडवर बसलेले, पहिल्या दिवशी बसलेले तशीच. जितू शेजारी. मशीनमध्ये दोन्ही गाणी होती. मी त्या दुसऱ्या बाईचं गाणं जितूसमोर पुसून टाकलं आणि मग तुझं लावलं.

तू निघालीस. तिवरांनी पदर धरला, खेकड्यांनी वाट अडवली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. येक पाय उंबऱ्याच्या भायेर, गो बाय, दुसरा पाय... आणि टँकर आला, टुंई टुंई. मागून कोणीतरी हसलं. आणि मग अख्ख्या हॉलमध्ये, चारही स्पीकरमधून, माझा आवाज: "कट!"

मग काहीच नाही.

दादा थांबले. त्यांनी माइकवरून मला विचारलं, "ताई, पुढचं?"

मी म्हटलं, "पुढचं नाही. पोर अजून घरीच आहे."

दादांना काही कळलं नाही. पण पुढच्या रांगेतली एक म्हातारी, तुझ्यामागे गायची ती, पदरातून मान वर काढून मोठ्याने हसली, आणि तिच्या शेजारची तिला चिमटे काढायला लागली. अल्बम आता असाच निघणार, टँकर आणि माझ्या 'कट'सकट.

बाटली वहिनीकडेच ठेवलीये. भराव अजून चालू आहे, डंपर रोज येतात, मी काही भोळी नाही. पण आता दारात उभी राहून मला जे म्हणालीस ना, ते परत म्हण. म्हण ना! मी मान खाली घालणार नाही. हो, मोडलं. एवढ्या लग्नांतलं तुझं एकच मोडलं, आणि ते मी मोडलं.